भाडेकरू वर, नवा पाया खाली : शिकागोच्या रिलायन्स बिल्डिंगचे प्रकरण

शिकागो शहराच्या मध्यवर्ती व्यापारी भागात, स्टेट स्ट्रीट आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथे एकमेकांना छेदतात त्या कोपऱ्यावर, सायीच्या रंगाची एक सडपातळ चौदा मजली इमारत उभी आहे. तिची उंची सुमारे २०० फूट आहे. म्हणजे आजच्या मुंबईत कुणी मान वर करूनही पाहणार नाही इतकीच. तिचे नाव रिलायन्स बिल्डिंग. (आपल्याकडे हे नाव ऐकताच जे डोळ्यांपुढे येते त्याच्याशी तिचा काडीचाही संबंध नाही.) वास्तुकलेच्या इतिहासात पोलादी सांगाडा आणि काच यांच्या जोडीने उभ्या राहिलेल्या आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते, आणि विसाव्या शतकातील काचेच्या मनोऱ्यांची आजी म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. ते बरोबरच आहे. मात्र ही इमारत जशी झाली तशी का झाली, याचे उत्तर शोधताना पोलादाइतकेच महत्त्व एका रुक्ष कागदाला द्यावे लागते, आणि तो कागद म्हणजे जुन्या इमारतीतील भाडेकरूंचा करार. या प्रकरणाचा अभ्यास त्या अंगाने केला आहे.

जागेचा मालक होता विल्यम एलरी हेल. हायड्रॉलिक लिफ्ट बनवण्याच्या धंद्यात त्याने पैसा केला होता. लिफ्ट विकणाऱ्या माणसाला उंच इमारतींचे आकर्षण असावे, यात नवल नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यापलीकडे जिने चढून जायला कुणी तयार नसते आणि म्हणून वरच्या जागेला भाडे येत नाही, ही अडचण ज्या यंत्राने दूर केली त्याचाच तो व्यापारी होता. (त्याच्या पैशाचा दुसरा मोठा वाटा आकाशाकडे गेला. त्याचा मुलगा जॉर्ज एलरी हेल हा पुढे नामवंत खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि माउंट विल्सन वेधशाळेतील ६० इंची दुर्बिणीच्या आरशाची काच बापाने मुलाला घेऊन दिलेली होती.) १८८०च्या दशकाच्या सुरुवातीस हेलने या कोपऱ्यावरची जुनी, जाड दगडी भिंतींची बँकेची इमारत विकत घेतली. ती पाडून तिथे उंच कार्यालयीन इमारत बांधायची, हा त्याचा बेत होता.

अडले ते भाडेकरूंपाशी. तळमजल्याचा करार १८९०मध्ये संपत होता, पण वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंचे करार १ मे १८९४पर्यंत चालू राहणार होते, आणि मुदतीआधी जागा सोडण्यास ते राजी नव्हते. गिरगावातील किंवा दादरमधील चाळीचा पुनर्विकास ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना या परिस्थितीची अधिक ओळख करून द्यायला नको. आपल्याकडे अशा वेळी प्रकरण कोर्टात जाते, किंवा भाडेकरूंची संक्रमण शिबिरात सोय होते, किंवा एखादा शेवटचा भाडेकरू अडून बसतो आणि इमारत दहा वर्षे ओस पडते. हेलपुढेही चार वर्षे हातावर हात ठेवून बसण्याचा मार्ग होता. पण स्टेट स्ट्रीट हा शहरातील किरकोळ व्यापाराचा मुख्य रस्ता होता. तिथला तळमजला आणि त्याच्या मोठ्या दर्शनी खिडक्या म्हणजे इमारतीची खरी दुभती गाय, आणि ती चार वर्षे तशीच बांधून ठेवणे त्याला परवडणारे नव्हते.

त्याने डॅनियल बर्नहॅम आणि जॉन वेलबॉर्न रूट या वास्तुरचनाकारांच्या कार्यालयाला हे काम दिले, आणि १८९०मध्ये जो मार्ग निघाला तो ऐकताना आजही थोडे हसू येते. वरचे मजले भाडेकरूंसकट जागच्या जागी स्क्रू-जॅकवर तोलून धरायचे, त्यांच्या खालचा तळमजला आणि तळघर पाडून टाकायचे, आणि त्या पोकळीत नव्या उंच इमारतीचा पाया, तळघर आणि तळमजला बांधून काढायचा. खाली पाया खणला जात असताना वर लोक आपापली कामे करीत होते. पुढे चार वर्षे ही इमारत दोन वेगवेगळ्या काळांतील तुकड्यांची होऊन उभी होती. खाली गडद ग्रॅनाइट आणि मोठमोठ्या काचा असलेले नवे दुकान, आणि त्याच्या डोक्यावर मागच्या पिढीचे दगडी घर.

ही कल्पना आज अचाट वाटते, पण शिकागोकरांना ती तितकी परकी नव्हती. मिशिगन सरोवराच्या काठची ही जमीन सखल आणि चिखलाची. गटारांना उतार मिळेना म्हणून १८५०-६०च्या दशकांत शहराने आपले रस्तेच काही फूट उंच केले आणि रस्त्याच्या कडेच्या इमारती जॅक लावून त्या पातळीवर आणल्या. १८६०मध्ये लेक स्ट्रीटवर सुमारे ३२० फूट लांबीची विटांची सलग रांग सहाएक हजार स्क्रू-जॅक आणि सहाशे माणसे लावून पाचेक दिवसांत साडेचार फुटांहून अधिक उचलली गेली, आणि त्या काळात आतली दुकाने चालू होती. तंत्र साधे, पण शिस्तीचे. पायाशी भोके पाडून लाकडी ओंडके सरकवायचे, ओंडक्यांखाली जॅकच्या रांगा बसवायच्या, प्रत्येक माणसाकडे ठरावीक जॅक सोपवायचे, आणि इशारा झाला की सर्वांनी एकदमच स्क्रूला थोडा पीळ द्यायचा. एका बाजूचा हात पुढे गेला की भिंतीला तडा गेलाच. आपल्याकडेही रस्ता उंच होऊन घर खड्ड्यात गेले की हल्ली जॅक लावून घर उचलून देणारे ठेकेदार मिळतात. तत्त्व तेच आहे. हेलच्या कामात इमारत फार उंच न्यायची नव्हती, ती केवळ अधांतरी सांभाळायची होती. मात्र खाली मोकळ्या जागेत भक्कम पायाचे काम चालू असताना हे करणे अधिक जिकिरीचे होते.

पाया हाही शिकागोत साधा विषय नव्हता. शहराखाली मऊ चिकणमातीचे जाड थर आहेत आणि खडक बराच खोल. रूटने १८८०च्या दशकातच यावर एक तोड काढली होती. रेल्वेचे रूळ एकावर एक आडवे-उभे रचून ते काँक्रीटमध्ये बुजवायचे, म्हणजे खांबाचा भार एका बिंदूवर न पडता रुंद तराफ्यासारखा पसरतो. पण तराफ्यालाही मर्यादा असतात. वरची इमारत जितकी जड, तितकी ती चिखलात बसणार. याच सुमारास याच कार्यालयाने मोनॅडनॉक ही सोळा मजली इमारत भारवाही विटांच्या भिंतींवर उभी केली. तिच्या तळाशी भिंतीची जाडी सहा फूट आहे. स्टेट स्ट्रीटच्या अरुंद तुकड्यावर सहा फुटांच्या भिंती घातल्या असत्या, तर जे दुकान वाचवण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच भिंतीत गडप झाले असते.

याच ठिकाणी सांगाड्याचा विचार येतो. शिकागोत विल्यम ल बॅरन जेनीची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५मध्ये झाली होती. तिचा बहुतेक भार लोखंडी खांब-तुळयांवर होता आणि वरच्या मजल्यांत काही तुळया पोलादाच्या होत्या. ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते, पण ताण आला किंवा वाकवले की ते काचेसारखे तडकते. पोलाद दोन्ही सोसते आणि वजनाच्या मानाने पुष्कळ अधिक भार पेलते. बेसेमर प्रक्रियेने, म्हणजे पोलाद मोठ्या प्रमाणावर बनवण्याच्या पद्धतीने, पोलाद स्वस्त झाल्यावर बांधकामातले लोखंड हळूहळू मागे पडले. मुंबईकरांना या फरकाचा आधीचा टप्पा घरच्या घरी पाहता येतो. काळा घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आजचे एस्प्लनेड मॅन्शन, १८६०च्या दशकात इंग्लंडहून सुटे भाग आणून ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर उभे केले गेले. ते शिकागोच्या या इमारतींच्या वीस-पंचवीस वर्षे आधीचे आहे, आणि तिथेही भार सांगाड्यावर टाकण्याची कल्पना तीच आहे. परंतु ओतीव लोखंडाने तिथे पाच-सहा मजल्यांवर जे साधले, ते चौदा मजल्यांपर्यंत आणि सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्यापुढे नेण्यासाठी पोलादच हवे होते.

तळाचे काम पूर्ण होण्याच्या सुमारास रूट गेला. १८९३च्या जागतिक प्रदर्शनाच्या तयारीत बर्नहॅम आणि रूट गुंतले होते. बाहेरगावच्या वास्तुरचनाकारांची शिकागोत बैठक भरली असतानाच रूटला न्यूमोनिया झाला आणि १५ जानेवारी १८९१ रोजी, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी त्याने रेखलेल्या तळमजल्यावर कार्सन, पिरी, स्कॉट या कापड व्यापाऱ्यांचे दुकान सुरू झाले. वरच्या मजल्यांसाठी रूटच्या मनात नेमके काय होते, यावर इतिहासकारांत बराच काळ वाद चालला. काहींनी संपूर्ण इमारतीचे श्रेय त्यालाच दिले, तर काहींनी ते त्याच्या जागी आलेल्या चार्ल्स अ‍ॅटवुडला दिले. प्रस्तुत लेखकाला दुसरे मत अधिक पटते. तळाचा गडद, वजनदार दगड आणि वरची पांढरी, हलकी त्वचा हे एकाच माणसाच्या हाताचे वाटत नाही. त्या दोहोंत चार वर्षांचे अंतर आहे आणि एक मृत्यू आहे.

त्या चार वर्षांत बाजूने काय काय घडले पाहा. प्रदर्शन भरले आणि उठले. त्यातील ललित कलांचे दालन अ‍ॅटवुडनेच रचले होते आणि ती इमारत आज विज्ञान संग्रहालय म्हणून उभी आहे. सप्टेंबर १८९३मध्ये विवेकानंदांनी सर्वधर्म परिषदेत भाषण केले, ते सभास्थान या कोपऱ्यापासून पायी दहा मिनिटांच्या आतबाहेर आहे. त्या दिवशी हेलच्या जागेवर खाली रूटचे दुकान आणि वर हट्टी भाडेकरूंचे जुने मजले अशीच स्थिती होती. त्याच वर्षी अमेरिकेत मंदीची लाट आली.

१ मे १८९४ला करार संपले आणि जुने मजले पाडले गेले. पोलादाचे काम १६ जुलैला सुरू होऊन १ ऑगस्टला संपले. वरच्या दहा मजल्यांचा सांगाडा पंधरा दिवसांत उभा झाला. हाच महिना पुलमन कंपनीच्या संपाने शिकागोत गाजत होता. रेल्वे ठप्प होती आणि केंद्र सरकारने शहरात सैन्य आणले होते. ज्या जॉर्ज पुलमनच्या डब्यांच्या कारखान्यात हा संप पेटला, त्याने तरुणपणी शिकागोत जॅक लावून इमारती उचलण्याचाच धंदा केला होता, आणि लेक स्ट्रीटच्या त्या रांगेच्या ठेकेदारांतही त्याचे नाव आहे.

पंधरा दिवसांचा हा वेग कशामुळे शक्य झाला, ते एडवर्ड शँकलंड या अभियंत्याच्या रचनेत पाहायला मिळते. दगडी इमारत स्वतःच्या वजनामुळे वाऱ्याला जुमानत नाही. हलका सांगाडा मात्र पत्त्यांच्या घरासारखा एका बाजूला कलंडू शकतो. त्यावर भिंतीत तिरक्या पट्ट्या घालणे हा सोपा उपाय होता, पण तिरकी पट्टी आली की खिडकी गेली. शँकलंडने तिरक्या पट्ट्या टाळल्या. काटकोनात वळलेल्या पोलादी पट्ट्या जोडून केलेले खांब त्याने दोन-दोन मजले उंचीचे घेतले आणि त्यांचे सांधे असे आळीपाळीने ठेवले की कोणत्याही एका मजल्यावर निम्म्याच खांबांना जोड येई आणि उरलेले निम्मे अखंड जात. शिवाय प्रत्येक मजल्याच्या पातळीवर, बाहेरच्या कडेने, खांबांना २४ इंच खोलीच्या तुळया घट्ट आवळल्या. चौरंगाचे पाय वरच्या पट्टीशी भक्कम बसवले तर तो डुगडुगत नाही. इथे तसे चौरंग एकावर एक रचले गेले. वाऱ्याचा प्रश्न कोपऱ्याच्या सांध्यात सुटला, आणि खांब-खांबांमधली चौकट पूर्ण मोकळी राहिली.

या मोकळ्या चौकटीत अ‍ॅटवुडने जे केले, त्यामुळे इमारतीचे नाव झाले. मधोमध एक मोठी, न उघडणारी काच आणि तिच्या दोन्ही अंगांना हवेसाठी वर-खाली सरकणाऱ्या अरुंद खिडक्या, अशी शिकागोत रूढ झालेली खिडकी त्याने भिंतीच्या जागी बसवली, आणि काही ठिकाणी ती रस्त्यावर किंचित पुढे झुकवून तीन बाजूंनी उजेड आत घेतला. दर्शनी भागाचा अधिक हिस्सा काचेने व्यापला. काचेच्या वर-खाली जी पट्टी उरली, ती केवळ तुळईला झाकण्यापुरती. ही पट्टी टेराकोटाची आहे, म्हणजे साच्यात दाबून, आतून पोकळ ठेवून, झिलई चढवून भाजलेली माती. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर चार पाकळ्यांची बारीक नक्षी आणि सुतळीएवढे उभे पीळ दिसतात. मध्ययुगीन चर्चच्या दगडी कामातून उचललेली ही नक्षी दाराएवढ्या काचांच्या शेजारी आली, की क्षणभर काळाचा घोळ होतो. पोकळ मातीची त्वचा हलकी असल्याने चिखलावरच्या पायालाही ती मानवणारी होती. १८७१च्या आगीनंतर शिकागोने शिकलेला धडाही इथे आहे, कारण उघडे लोखंड आगीत मऊ पडून वाकते म्हणून प्रत्येक खांब-तुळई भाजलेल्या मातीच्या पोकळ विटांनी गुंडाळलेली आहे.

झिलईच्या बाबतीत मात्र अपेक्षा जरा जास्तच धरली गेली. कोळशाच्या धुराने शिकागोच्या इमारती काळवंडत असत, आणि पांढरी काचेरी झिलई पावसाने आपोआप धुऊन निघेल, असा त्या वेळी समज होता. पाऊस पडला, धूरही पडत राहिला, आणि पुढच्या काही दशकांत पांढरी इमारत राखेच्या रंगाची झाली. त्याहून वाईट म्हणजे सांध्यांतून पाणी आत झिरपे, हिवाळ्यात गोठून फुगे, आणि माती धरून ठेवणारे लोखंडी आकडे गंजून तिला आतून चिरत.

मार्च १८९५मध्ये इमारत पुरी झाली. त्याच वर्षी डिसेंबरात अ‍ॅटवुडही गेला, म्हणजे आपल्या या एका इमारतीसाठी हेलने दोन रचनाकार गमावले. भरपूर उजेडामुळे वरच्या मजल्यांवर डॉक्टर आणि दंतवैद्य आले. ज्यांना रुग्णाच्या तोंडात पाहायचे आहे त्यांच्यासाठी ही जागा सोयीचीच होती. अल कपोनचा दंतवैद्य इथेच बसत असे, असे शिकागोत सांगतात.

महामंदीनंतर व्यवसाय मध्यवस्तीतून हळूहळू उठत गेले, भाडी उतरली, देखभाल थांबली. १९४८मध्ये छपराची पुढे आलेली कॉर्निस काढून टाकली गेली, आणि इमारत टोपी हिरावलेल्या माणसासारखी दिसू लागली. दरम्यान तळमजल्याची तोंडे दुकानदारांनी आपापल्या सोयीने बदलली. १९७०मध्ये ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आणि १९७६मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिचे नाव लागले. पण कागदावर वारसा ठरल्याने भिंतीतले पाणी थांबत नाही, हे आपण २००५मध्ये एस्प्लनेड मॅन्शनचा काही भाग कोसळताना पाहिलेच आहे. शिकागोत फरक पडला तो पालिकेने पैसा आणि मालकी या दोन्हींची जबाबदारी घेतल्यामुळे. १९९०च्या दशकात शहराने इमारत ताब्यात घेतली, बाहेरची दुरुस्ती आधी उरकली आणि मग तिला नवा उपयोग शोधला. टेराकोटा धुऊन काढला गेला, फुटलेले तुकडे नव्याने भाजून बसवले गेले आणि हरवलेली कॉर्निस पुन्हा घडवली गेली. १९९९मध्ये इथे हॉटेल सुरू झाले आणि त्याला बर्नहॅमचे नाव दिले गेले. पुढे चालक बदलले आणि नावही बदलले.

कार्यालयाचे हॉटेल करणे सोपे पडले, कारण भिंती भार घेतच नव्हत्या. खोल्यांच्या रेघा कुठेही ओढता येत होत्या. दुरुस्ती करणाऱ्यांनी वरच्या काही मजल्यांवर जुने पांढरे संगमरवरी बोळ, बारीक फरशी आणि महोगनीचे दरवाजे तसेच ठेवले. त्या दारांना दुधी काच आहे. पाहुणा चावी लावतो ते दार कधीकाळी दवाखान्याचे होते.

तळमजल्याचे तसे झाले नाही. शंभर वर्षे वाहत्या रस्त्याच्या काठावर असल्याने दुकानदारांच्या फेरफारांत रूटचा ग्रॅनाइट आणि त्याच्या काचांची मूळ मांडणी बव्हंशी नाहीशी झाली होती, आणि आज रस्त्याच्या पातळीवर जे दिसते ते जुन्या छायाचित्रांवरून पुन्हा उभे केलेले आहे. ज्या एका मजल्यासाठी भाडेकरूंना जॅकवर तोलून धरले, तेवढाच मजला मूळ रूपात उरलेला नाही.